क्षमा आणि पंगत

पौलाचं गलतीकरांस पत्र बरेच प्रवचनकार ‘पापं माफ, नियम संपले’ एवढ्यावर आटोपतात. पण त्यात पेत्राशी झालेलं जे भांडण पौल सांगतो, ते अंत्युखियातलं, जेवणावरून झालेलं. सुंता न झालेल्यांबरोबर जेवणारा पेत्र, याकोबाकडची माणसं येताच बाजूला झाला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. क्षमा कुणालाच कमवावी लागत नसेल, तर पंगतीतून उठायचा अधिकार कुणाला?

हेच पत्र गोव्यातही मिस्सेत वाचतात. तिथल्या चर्चांमधल्या कोन्फ्रारिया मात्र पिढ्यान्‌पिढ्या जातीनुसार चालल्या. सुंता नको, शब्बाथ नको, डुक्कर चालतं. म्हणजे मोशेचे नियम सुटले. जे त्याने दिलेच नव्हते, ते टिकले. सोयरीक जुळवताना ‘बामण की चारदो?’ हे अजूनही अनेक घरांत आधी विचारतात, आणि पाद्रींना ते ठाऊक असतं.