अडुळशाचा काढा आणि मंडळीतली कुजबुज

आजची पोस्ट लांब आहे. सातारा-सांगलीकडच्या आपल्या लोकांनी तरी सवडीनं वाचावी ही विनंती.

हवा बदलली की आपल्या चर्चच्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज वाढतात. एक काढ्यांचे. अडुळसा, गवती चहा, तुळस, सुंठ, मिरी, कुणाच्या आजीचा हमखास उपाय. दुसरे प्रार्थना विषयांचे. अमक्यांना दवाखान्यात नेलंय, तमकीचे रिपोर्ट आलेत, प्रार्थनेत धरा. दोन्ही प्रेमापोटी पाठवलेले असतात, यात मला शंका नाही. पण नर्सिंगमध्ये तीस वर्षं काढल्यावर मला जे दिसतं ते असं, की दुसऱ्या मेसेजच्या भीतीनं माणसं पहिल्या मेसेजच्या आड लपतात.

एका मंडळीतले काका. गाव सांगत नाही, तपशीलही थोडे बदललेत. नाहीतर ज्याविरुद्ध लिहितेय तेच मी केल्यासारखं होईल. काकांना तीन महिने खोकला होता. परसात अडुळसा आहे, रोज पानं उकळून गूळ घालून काढा चाललेला. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, आणि पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडायची वेळ आलेली. काकूंना कळत नव्हतं असं नाही. त्या मला हळूच म्हणाल्या, "बाई, थुंकी तपासायला न्यायचं तर तिथं लॅबमध्ये आपल्याच मंडळीतली पोरगी आहे. आणि आमच्या थोरलीचं बघायचं चाललंय."

त्या पोरीनं कधी कुणाचा रिपोर्ट बाहेर सांगितला होता का? नाही. पण भीतीला पुरावा लागत नाही. दोन वर्षांपूर्वी एका बाईंच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी भर उपासनेत माइकवरून, अवयवाच्या नावासकट प्रार्थना झाली होती, ती काकूंनी ऐकली होती. त्या बाई पुढं सहा महिने चर्चला आल्या नाहीत, हेही बघितलं होतं.

आपल्या समाजाची एक गंमत आहे, आणि तीच अडचणही आहे. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत दवाखाना उघडला आणि तिथून पुढं पिढ्यान् पिढ्या आपली पोरं-पोरी नर्स, कंपाउंडर, लॅब टेक्निशियन, वॉर्डबॉय होत आली. वानलेसवाडीत क्षयाच्या रुग्णांची सेवा करण्यात कित्येकांच्या आज्यांचं आयुष्य गेलं. आजही मिरज-सांगलीतल्या आपल्या कुठल्याही घरात जा, एकतरी माणूस दवाखान्यातला निघतो. म्हणजे क्षयाबद्दल या जिल्ह्यात सगळ्यांत जास्त कळायला हवं ते आपल्याला. आणि आपल्याच माणसाला दवाखान्यात जायला लाज वाटते, कारण काउंटरच्या पलीकडं आपलंच माणूस बसलेलं असतं.

त्यात आपण मोजके. सातारा, वाई, कराड, सांगली, मिरज, कोल्हापूर, सगळी सोयरीक एकमेकांत. साताऱ्याला उपासना सुटल्यावर निघालेली बातमी कोयना एक्स्प्रेसच्या आधी मिरजेत पोचते, आणि कोयनेसारखीच प्रत्येक स्टेशनावर थांबून कुणाला ना कुणाला चढवून घेते. साताऱ्यात 'खोकला' असतो, कराडला 'टीबी' होतो, सांगलीत 'कॅन्सर म्हणे', आणि मिरजेत कुणीतरी म्हणतं, "पीत होते ना पूर्वी!" पाचवा माणूस त्याला देवाची शिक्षा म्हणून मोकळा होतो. यातल्या एकानंही खोटं बोलायचं ठरवलेलं नसतं. प्रत्येकानं फक्त काळजी व्यक्त केलेली असते.

आता उपायांबद्दल. मी घरगुती उपायांच्या विरोधात नाही. सांगलीकरानं हळदीच्या विरोधात जावं तरी कसं? 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची रीत होती, 2005 च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. लहानपणी खरचटलं की आईनं चिमूट दाबलेली असायची. घसा धरला तर हळद-दूध जरूर घ्या, त्यानं बरं वाटतं. फक्त हळकुंड आणून दळा, किंवा ओळखीच्या दुकानातनं घ्या, कारण पिवळेपणा वाढवायला लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार होतात आणि शिसं पोरांच्या मेंदूला घातक असतं.

अडुळसा तर चांगलाच. त्यातल्या व्हॅसिसीनवरून पुढं ब्रोमहेक्झिन तयार झालं, जे कफाच्या सिरपमध्ये आजही असतं. म्हणजे आजी काही वेडी नव्हती. पण अडुळसा कफ पातळ करतो, क्षयाचे जंतू मारत नाही. खोकला थोडा सैल पडला की आपल्याला वाटतं गुण आला, आणि आत फुप्फुस पोखरत राहतं.

आणि 'नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना होत' हे वाक्य ज्यानं पसरवलं त्याला मला एकदा भेटायचंय. ज्येष्ठमध रोज चघळलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यानं ते सहज घेऊ नये. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, अगदी बोटाच्या टोकानंसुद्धा नाही. कोरोनात गुळवेल घराघरांत उकळली गेली. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, तो वाद आहेच. पण ज्याला आधीच कावीळ किंवा लिव्हरचा त्रास आहे त्यानं ग्रुपवरचा मेसेज वाचून ती सुरू करावी, असं कुठलाच शहाणा वैद्यही म्हणणार नाही.

उलट ज्या घरगुती उपायानं खरोखर लाखो जीव वाचले तो ग्रुपवर कुणी पाठवत नाही, कारण त्यात गूढ काही नाही. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं द्रावण तोंडानं पाजायला लावलं आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले. जुलाब सुरू झाले की हे पाजा, बाळ सुस्त पडलं किंवा लघवी बंद झाली तर मात्र थांबू नका, उचला आणि न्या.

म्हणजे घरगुती उपायाला त्याची जागा आहे. तो डॉक्टरकडं जाईपर्यंतचा, किंवा डॉक्टरची गरजच नसलेल्या दुखण्याचा. प्रश्न आहे तो कुणीतरी त्याच्या आड का दडतं हा.

काहीजण याला विश्वासाचा मुद्दा करतात. "प्रार्थना करतोय ना, मग गोळ्या कशाला?" असं म्हणणारे भेटतात, आणि "काढा घेतोय म्हणजे विश्वास कमी" म्हणणारेही. दोघांनी 2 राजे 20 वाचावं. हिज्कीया राजा मरायला टेकलेला. देवानं यशयाकरवी त्याला बरं करण्याचं वचन दिलं, आणि त्याच यशयानं गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला लावलं. वचनही आणि पोटीसही.

पण मला सगळ्यांत विचार करायला लावतो तो 1 तीमथ्याचा पाचवा अध्याय. त्याच अध्यायात पौल तीमथ्याला पोटाच्या आणि वरचेवरच्या आजारांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. चक्क घरगुती उपाय, तोही पत्रातून. आणि त्याच अध्यायात, दहा वचनं अलीकडं, घरोघर फिरून नको ते बोलत बसणाऱ्यांबद्दल कान टोचतो. औषध आणि कुजबुज एकाच पानावर. पौलानं हे तरुण विधवांबद्दल लिहिलंय म्हणून आपल्याकडं हा भाग नेमका महिला मंडळात शिकवला जातो. माझं निरीक्षण वेगळं आहे. उपासनेनंतर कंपाउंडच्या भिंतीशी मोटरसायकलला टेकून जे पुरुष उभे असतात, त्यांच्या बातम्या महिला मंडळापेक्षा जास्त ताज्या असतात.

आणि याकोबाचं पत्र. जिभेबद्दलचा तिसरा अध्याय आपण सगळ्यांनी संडे स्कूलमध्ये घोकलाय. पाचवा नीट वाचत नाही. आजारी माणसानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं तिथं आहे. बोलवायचं कुणी? आजारी माणसानं. वडिलांनी त्याचं दुखणं हुडकून काढून सगळ्यांना कळवावं असं तिथं कुठंच नाही. कुणाला आत घ्यायचं, किती सांगायचं, हे खाटेवरच्या माणसाच्या हातात आहे. आपण ते त्याच्या हातातून काढून घेतलंय आणि त्याला संगती म्हणतो.

यावर मला उत्तर मिळतं ते असं: "लपवून ठेवलं तर प्रार्थना कशी करायची? आपण एक कुटुंब आहोत." या म्हणण्यात तथ्य आहे, मी ते उडवून लावत नाही. मंडळीला कळलं म्हणून कुणाला रक्त मिळालंय, कुणाच्या घरी महिनाभर डबा गेलाय, ऑपरेशनचे पैसे जमलेत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. जिथं कुणालाच काही कळत नाही अशा शहरातल्या सोसायटीत मला राहायचं नाही. पण देवाला अवयवाचं नाव, रिपोर्टमधला आकडा आणि हॉस्पिटलचा वॉर्ड नंबर सांगावा लागत नाही. 'एका बहिणीच्या तब्येतीसाठी' एवढं म्हटलं तरी त्याला पत्ता सापडतो. तपशील आपल्याला हवे असतात, त्याला नाही.

कायदाही माहीत असू द्या. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे विश्वासानं सांगितलेली कुणाचीही एचआयव्हीची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. पाळकांना विश्वासानंच तर सांगतात लोक. मानसिक आजाराच्या उपचारांबद्दलही गोपनीयतेचा हक्क त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्यात आहे. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असलेल्या तरुणासाठी 'सैतानाच्या बंधनातून सुटका' असा प्रार्थना विषय ग्रुपवर टाकणाऱ्यांनी त्या पोराचं पुढचं आयुष्य डोळ्यांपुढं आणावं. त्याला याच गावात नोकरी करायची असते, याच समाजात लग्न करायचं असतं.

काकांचं पुढं काय झालं ते सांगते. शेवटी दुसऱ्या तालुक्यात जाऊन थुंकी तपासली, टीबी निघाला. औषधं सरकारी, फुकट. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, आणि औषध नीट सुरू झालं की बहुतेकांच्यात काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायचा धोका खूप कमी होतो. टीबी आनुवंशिक नाही, त्यामुळं मुलीच्या लग्नाचा आणि बापाच्या टीबीचा तसा काही संबंधच नव्हता. काका बरे झाले. पण तेवढ्या तीन महिन्यांत, एकाच खोलीत झोपणाऱ्या चार वर्षांच्या नातवाच्या मानेला गाठी आल्या होत्या. त्यालाही सहा महिने औषध द्यावं लागलं. ते पोर औषध बघितलं की कॉटखाली जाऊन बसायचं.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, एवढं साधं आहे हे. उपचार चालू असलेल्याला आहारासाठी महिन्याला 1000 रुपयेही खात्यावर येतात. हे सगळं काकूंना माहीत होतं.

आमच्या मंडळीत या विषयावर पंचांच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. एका ज्येष्ठांचं म्हणणं होतं की इतकी वर्षं असंच चाललंय, कुणाचं काय बिघडलं? शेवटी एवढंच ठरलं की प्रार्थना विषय माइकवर आणि ग्रुपवर घ्यायचा तो त्या माणसाला विचारून. दारात चिठ्ठ्या ठेवल्यात. त्यावर नाव लिहायचं की नाही ते तुमच्यावर, आणि खाली तीनपैकी एका ठिकाणी खूण करायची: सगळ्यांना सांगा, फक्त प्रार्थना गटाला, फक्त पाळकांना. नातेवाइकानं चिठ्ठी टाकली तर आधी आजारी माणसाला फोन करायचा.

पहिल्या रविवारी बहुतेक चिठ्ठ्यांवर शेवटची खूण होती. एका चिठ्ठीवर नाव नव्हतं, खूणही नव्हती. पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'छातीत गाठ आहे, चार महिने हळदीचा लेप लावतेय, कुठं दाखवू?' पाळकसाहेबांनी ती वाचून दाखवली नाही. पुढच्या रविवारी चिठ्ठ्यांच्या पेटीवर त्यांनी एका लेडी डॉक्टरांचा नंबर चिकटवला आणि खाली लिहिलं, कुठली मंडळी ते सांगायची गरज नाही.