नऊ चौकटी, डोळे दोन

एकाच पडद्यावर नऊ चौकटी पाडून नऊ व्हिडिओ एकदम चालवणारी ॲप्स हल्ली संगणकावर मिळतात. पनवेलला आमच्या आळीत या सोयीचं कोण कौतुक! २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा चित्र एक नि बघायला खोलीभर माणसं. आता चित्रं नऊ, माणूस एक! अहो, डोळ्याला लख्ख दिसतं ते जेमतेम २ अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याएवढं. चोरावर पाळत ठेवायची असेल, तर खुशाल मांडा नऊ चौकटी. पण नातीचं बोरन्हाण, पुतण्याचं लग्न नि गेलेल्या वडिलांचं बोलणं एकदम लावून साधणार काय? गलका नको म्हणून आवाज एकाचाच ठेवायचा, बाकीचे मुके. त्यांत वडीलच मुके झाले, तर ते बोलणं जपून ठेवलं कशाला?