घरचा हिशेब : खेळयंत्राचे कोठार वाढवावे काय?



गेल्या पंधरवड्यात या सदरासाठी आलेल्या पत्रांत बेळगावकडील एका खेड्यातील मातेचे पत्र होते. त्या बाईंचे यजमान आखातात नोकरीस आहेत. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या रजेवर येताना त्यांनी मुलांसाठी प्लेस्टेशन ५ हे खेळाचे यंत्र आणले. आता ते यंत्र भरून गेले असून नवा खेळ घालू गेल्यास जागा अपुरी असल्याची सूचना पडद्यावर येते. नववीत शिकणारा मुलगा म्हणतो की, आत एक जादा एसएसडी, म्हणजे साठवणीची पट्टी, बसविली की काम भागेल. शहरातील दुकानदाराने तिची जी किंमत सांगितली, ती त्या घरच्या महिन्याच्या किराण्याहून अधिक आहे. आईने सुचविले की, जुने खेळ पुसून टाकावेत. त्यावर मुलगा रडू लागला व दोन दिवस कोणाशी धड बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी कारण कळले. रजेच्या त्या महिन्यात बापलेकांनी रोज रात्री, तेर्स आटोपल्यावर, फुटबॉलची एक स्पर्धा मांडली होती. ती अर्ध्यावर राहिली. पप्पा पुढच्या रजेवर आले म्हणजे ती पुरी करावयाची, असे ठरले आहे. खेळ पुसला तर ती स्पर्धाही पुसली जाईल, ही त्या पोराची भीती!

बाई विचारतात की, एवढा पैसा घालणे योग्य होईल काय? नाही म्हणावे तर मुलाचे मन मोडते. हो म्हणावे तर यजमान उन्हातान्हात मिळवितात तो पैसा असा खर्च केल्याचे मनाला लागते.

चर्चच्या साप्ताहिकात खेळयंत्राची चर्चा कशासाठी, असे आमचे काही वडीलधारे वाचक म्हणतील. परंतु जी वस्तू आमच्या खेड्यांतील घरांत आलीच आहे आणि जिच्यावरून मायलेकरांत अबोला धरला जातो, तिच्याविषयी बोलणे हे या सदराचे कामच आहे, असे आम्ही समजतो. म्हणून जाणत्या तरुणांना विचारून व स्वतः पडताळून पाहून आम्ही पुढील उत्तर देत आहोत. ज्यांच्या घरी हाच प्रश्न उभा आहे, अशा इतर वाचकांसही ते उपयोगी पडावे.

प्रथम त्या मुलाच्या भीतीचे निवारण करू. खेळ आणि खेळाची नोंद या दोन निराळ्या वस्तू आहेत. खेळ म्हणजे भलामोठा ग्रंथ, आणि नोंद म्हणजे त्यात ठेवलेली खुणेची चिठ्ठी. या यंत्रात खेळ एका ठिकाणी राहतात व नोंदी दुसऱ्या. मुख्य पडद्यावरून खेळ काढून टाकला तरी त्याची नोंद यंत्रातच राहते. खेळ पुन्हा घातला म्हणजे स्पर्धा जेथे थांबली होती तेथून पुढे चालू करता येते. मात्र साठवणीच्या यादीत 'जतन केलेली माहिती' असा जो वेगळा विभाग असतो, त्यातील काही पुसू नये. तेथे हात गेला तर मात्र चिठ्ठीच फाटली. दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्लेस्टेशन ५ च्या खेळांची नोंद सुटी अशी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवता येत नाही. कंपनीच्या दूरच्या साठ्यात ती ठेवावयाची तर वर्गणी भरावी लागते. सारांश, त्या फुटबॉलला मुळीच हात लावू नये, तो आहे तेथेच राहू द्यावा. जागा करावयाची ती इतर खेळांची.

आता जागा भरते कशाने ते पाहू. २०२० साली हे यंत्र निघाले तेव्हा त्यात ८२५ गिगाबाइटची साठवण होती. यंत्राच्या स्वतःच्या कारभारास लागणारा भाग वजा जाता सुमारे ६६७ गिगाबाइट आपल्या वाट्याला येतात. हल्लीचे मोठे खेळ एकेकटे १०० गिगाबाइटच्या आसपास, काही त्याहूनही अधिक जागा घेतात. म्हणजे असे पाच-सहा मोठे खेळ झाले की कणगी भरली. चकती विकत घेतली तरी यातून सुटका नाही. खेळ चकतीवरून न चालता आधी यंत्रात उतरतो, आणि चकती पुढे केवळ मालकीचा पुरावा म्हणून आत घालावी लागते.

हे असे का, तर यंत्राची आतली साठवण अतिशय वेगवान आहे. एका सेकंदास सुमारे साडेपाच गिगाबाइट माहिती ती वाचते. साधी फिरती हार्ड डिस्क तेवढ्याच वेळात त्याचा चाळिसावा-पन्नासावा हिस्साही देत नाही. नवे खेळ त्या वेगावर भिस्त ठेवूनच रचलेले असतात. म्हणून प्लेस्टेशन ५ चे खेळ बाहेरून जोडलेल्या डिस्कवरून खेळता येत नाहीत.

खेळता येत नाहीत, हे खरे; परंतु ठेवता येतात! एप्रिल २०२१ मधील सुधारणेपासून कंपनीने ही सोय केली आहे, आणि आमच्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. आपल्या घरात चुलीजवळ एक फळी असते आणि वर माळा असतो. रोजचे डबे फळीवर असतात. पावसाळ्याची बेगमी, गोव्याकडे जिला पुरुमेंत म्हणतात ती, माळ्यावर जाते. लागेल तेव्हा शिडी लावून खाली काढावयाची. यंत्राची आतली साठवण ही फळी, आणि यूएसबीने जोडलेली साधी डिस्क हा माळा. जो खेळ महिनाभर कोणी उघडला नाही तो माळ्यावर टाकावा, हवा असेल तेव्हा खाली आणावा. १०० गिगाबाइटचा खेळ असा हलविण्यास बहुधा अर्धा तासही लागत नाही. त्यास इंटरनेट लागत नाही, आणि पैसा लागतो तो एकदाच, तोही वेगवान पट्टीहून बराच कमी. डिस्क २५० गिगाबाइट ते ८ टेराबाइट या दरम्यानची व वेगवान यूएसबीची असावी, आणि ती थेट यंत्रास जोडावी.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. बाईंनी पत्रात सहज लिहिले आहे की, घरी एक जुनी हार्ड डिस्क पडून आहे व तिच्यात लग्नाची आणि मुलांच्या पहिल्या कम्युनियनची छायाचित्रे आहेत. ती डिस्क यंत्रास जोडू नये! खेळ ठेवण्यासाठी यंत्र डिस्क स्वतःच्या पद्धतीने घडवून घेते, आणि तसे करताना तिच्यावरील सारे काही पुसले जाते. पडद्यावर तशी सूचना येते खरी, पण घाईत असलेला मुलगा ती वाचीलच असे नाही. आधी छायाचित्रे दुसऱ्या दोन ठिकाणी उतरवून घ्यावीत, उघडून पाहावीत, आणि मगच डिस्क मुलाच्या हाती द्यावी. हे जमणार नसेल तर नवी, कोरी डिस्क घ्यावी.

मग वेगवान पट्टी घेणे सर्वथा उधळपट्टीच काय? तसे आम्ही म्हणत नाही. सप्टेंबर २०२१ पासून प्लेस्टेशन ५ मध्ये अशी पट्टी बसविण्याची सोय खुली झाली. तिच्यावर खेळ ठेवता येतात व तेथूनच खेळताही येतात. ती कोणास परवडेल याचा हिशेब असा मांडावा. एक, घरात यंत्र वापरणारे किती? तीन-चार भावंडे असून प्रत्येकाचा खेळ निराळा असेल व तो दर आठवड्यास लागत असेल, तर माळ्यावर चढउतार करणे सर्वांस त्रासाचे होईल. दोन, पुसलेला खेळ परत आणण्यास काय पडते? विकत घेतलेला खेळ पुन्हा उतरवून घेण्यास कंपनी पैसे घेत नाही, पण इंटरनेट घेते. सेकंदास १०० मेगाबिटची तारेची जोडणी असेल तर १०० गिगाबाइटचा खेळ सव्वादोन तासांत येतो. २० मेगाबिटच्या जोडणीवर अकरा तास लागतात. आणि ज्या घरी मोबाइलवर दिवसास २ गिगाबाइटचा शिधा मिळतो, तेथे तो सारा शिधा एका खेळास घातला तरी पन्नास दिवस लागतील! तारेची चांगली जोडणी असलेल्या घरास पट्टीची गरज सहसा नाही. नको तो खेळ पुसावा, हवा तेव्हा आणावा. जोडणी नसलेल्या घरास माळा पुरतो. गर्दीचे घर, जोडणी नाही, आणि यंत्रही चकतीवाचूनचे, असे तिन्ही जुळून आले तरच पट्टीचा खर्च आम्हांस सार्थ वाटतो.

घेणाऱ्यांनी ती एम.२ नमुन्याची, चौथ्या पिढीची, सेकंदास ५५०० मेगाबाइट वा अधिक वेगाची पाहून घ्यावी, आणि उष्णता वाहून नेणारा धातूचा पत्रा, ज्यास हीटसिंक म्हणतात, तो तिच्यावर असावा. यंत्र ८ टेराबाइटपर्यंतची पट्टी स्वीकारते, म्हणून तेवढी घ्यावी असे नाही. १ टेराबाइटने जागा दुपटीहून अधिक होते. तिच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. यंत्र जुने झाले तरी पट्टी वाया जात नाही, संगणकात बसविता येते. मात्र २०२५ च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणक-केंद्रांची मागणी वाढल्याने अशा पट्ट्यांचे भाव चढले आहेत. तेव्हा मागील वर्षीची किंमत मनात धरून बाजारात जाऊ नये. दोन दुकानांत विचारावे, आणि कवडीमोलाने प्रचंड साठवण देऊ करणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे.

इतर यंत्रांविषयी थोडक्यात. एक्सबॉक्सच्या नव्या यंत्रांस त्यांचे खास कार्डच लागते. २०२० साली अमेरिकेत सिरीज एस हे यंत्र सुमारे ३०० डॉलरला व त्याचे १ टेराबाइटचे कार्ड सुमारे २२० डॉलरला मिळे. कोठाराची किंमत घराच्या पाऊणपट! पुढे ती काहीशी उतरली. तेथेही साध्या डिस्कचा माळा करता येतो. निन्टेन्डो स्विचची गोष्ट निराळी. २०१७ च्या मूळ यंत्रात ३२ गिगाबाइटच असल्याने लहानसे मेमरी कार्ड घेणे जवळजवळ भागच पडते, व तेथे तो खर्च योग्यच आहे. २०२५ च्या स्विच २ मध्ये २५६ गिगाबाइट आहेत. परंतु त्यात खेळ साठविण्यास जुने कार्ड चालत नाही, एक्सप्रेस जातीचेच लागते.

आता हिशेबाच्या पलीकडचे दोन शब्द. लूकच्या शुभवर्तमानातील बाराव्या अध्यायात प्रभूने एका धनवान शेतकऱ्याचा दाखला सांगितला आहे. पीक अमाप आले, तेव्हा जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत त्याने केला, आणि त्याच रात्री त्याचे आयुष्य सरले. कोणी म्हणेल, म्हणजे कोठार वाढविणे हेच पाप. तसे नव्हे. योसेफानेही मिसर देशात सात वर्षे कोठारे भरली, आणि दुष्काळात त्याच कोठारांनी लोकांस जगविले, त्याच्या स्वतःच्या भावांसही. धनवान शेतकऱ्याने धान्य कोठे ठेवावे एवढेच पाहिले. ते कोणासाठी, हे मनात आणले नाही. योसेफाने नेमके तेच मनात ठेवले.

हा प्रश्न त्या मुलास विचारून पाहावा. बाईंनी त्याच्याजवळ बसावे, यंत्रातील खेळांची यादी उघडावी, आणि कोणता खेळ कोण खेळतो, शेवटचा कधी खेळला, हे त्याच्याकडूनच कागदावर लिहवून घ्यावे. धाकट्या बहिणीचा खेळ त्या यादीतून आपोआप बाद होऊ नये. आमचा अंदाज असा की, निम्मे खेळ माळ्यावर जातील व पट्टीचा विषय तूर्त मिटेल. माळ्यासाठी कोरी डिस्क घ्यावी लागली तर तो खर्च करण्यास आमची हरकत नाही. आणि ही यादी झाल्यावर यजमानांचा दूरध्वनी येईल तेव्हा मुलाने आपल्या तोंडाने त्यांस सांगावे की, स्पर्धा जशीच्या तशी आहे, कोणी पुसलेली नाही.

बाई, मुलगा वस्तूसाठी हट्ट धरून बसला आहे असे तुम्हांस वाटले. खरे पाहता तो बापासाठी राखलेली जागा सांभाळीत होता. त्या जागेस पैसा पडत नाही. तेवढे त्यास सांगा, आणि दोन दिवसांच्या अबोल्याबद्दल त्यास रागे भरू नका. यजमानांचा रजेचा प्रवास सुखरूप होवो, अशी आम्ही प्रभुचरणी प्रार्थना करतो.