कुलूप यंत्राला, खोळंबा रुग्णाचा

सोनोग्राफी, एक्स-रे यंत्रांतही संगणक असतो आणि त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमला अनेकदा कंपनीचे डिजिटल कुलूप. सुटा भाग बदलला तरी सर्व्हिस पासवर्डशिवाय काही यंत्रे चालत नाहीत. मग कंपनीचा अभियंता येईपर्यंत रावेरच्या रुग्णाने जळगाव गाठायचे! अनोळखी हातांनी यंत्र बिघडेल, ही कंपन्यांची भीती अगदीच खोटी नाही. पण प्रशिक्षित तंत्रज्ञालाही अडवणे अन्यायाचे. अमेरिकेने २०२१ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्तीसाठी असे कुलूप उघडण्याची मुभा दिली. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यालाच शिक्षा सांगते. तेव्हा खरा उपाय खरेदीच्या करारात आहे. सर्व्हिस पासवर्ड आणि दुरुस्तीची माहितीपुस्तिका देण्याची अट निविदेतच घालावी. यंत्र जनतेच्या पैशाचे, तर किल्लीही रुग्णालयाकडेच हवी.