मोजमापाची कीर्द आपल्या हाती हवी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने प्रकाश मोजणाऱ्या यंत्राविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु माझा प्रश्न हिशेबाचाच आहे.

माझे गाव बऱ्हाणपूर, यंत्रमागांचे. मागावर तुटलेला धागा वेळेवर दिसला नाही तर कापडात दोष राहतो. विणकराच्या डोळ्यांना होणारा त्रास वेगळाच. कामाच्या जागी ‘पुरेसा व योग्य’ उजेड असावा, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १७ व्या कलमात म्हटले होते. पुरेसा म्हणजे किती? मालक म्हणणार भरपूर आहे, कामगार म्हणणार दिसत नाही. येथे लक्सचा आकडाच बोलू शकतो, आणि तोही एका वेळचा नव्हे, तर दिवसपाळी-रात्रपाळीचा, मिनिटामिनिटाचा.

यूएसबीने संगणकाला जोडता येणारे प्रकाश-सेन्सर आता मिळतात. मात्र त्यांतील काहींबरोबर येणारे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते. जुन्या संगणकावर फुकट मिळणारे लिनक्स घालून काम भागविणाऱ्याने काय करावे? स्वतः प्रोग्राम लिहावा! हे वाटते तितके अवघड नाही. सेन्सर जोडला की लिनक्स त्याला एखाद्या फाइलचे रूप देते; सिरियल पद्धतीचा असेल तर बहुधा ‘टीटीवाययूएसबी०’ या नावाने. वही उघडावी तशी ती उघडायची, ठरलेला हुकूम लिहायचा, आलेले उत्तर वाचायचे आणि वेळेसह नोंदवायचे. पायथॉन भाषेत वीस-पंचवीस ओळींत हे होते. बीएच१७५० या स्वस्त चिपच्या माहितीपत्रकात तर छापलेलेच आहे की, नेहमीच्या मापनात तिचा कच्चा आकडा १.२ ने भागला म्हणजे लक्स मिळतात. एवढा भागाकार कोणत्याही शाखेला यावा.

खरी अडचण हुकूम कोणता, हे कळण्याची. कॅनडातील युनिहेड्रॉन कंपनीचे रात्रीच्या आकाशाचा काळोख मोजणारे यंत्र पाहा. ‘आरएक्स’ ही दोन अक्षरे पाठविली की ते साध्या मजकुरात उत्तर देते, आणि असे सारे हुकूम कंपनीने प्रसिद्ध केले आहेत. म्हणूनच माद्रिदच्या विद्यापीठातील मंडळी त्यासाठी ‘पायएसक्यूएम’ हा स्वतःचा प्रोग्राम लिहू शकली. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’ची मान्यता मिळाली, अशा ठिकाणी काळोखाची नोंद वर्षानुवर्षे ठेवावी लागते. ती एखाद्या कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या आयुष्यावर कशी सोपवावी?

उलट, हुकूम गुपित ठेवणारे उत्पादकही आहेत. मुनीम अखेरची शिल्लक सांगतो, पण कीर्द स्वतःच्या कुलपात ठेवतो. असा मुनीम कोणता पेढीवाला ठेवील? यंत्राच्या बाबतीत मात्र आपण तो पैसे मोजून घरी आणतो.

आपल्या महाविद्यालयाने यापुढे प्रयोगशाळेसाठी मोजमापाचे यंत्र घेताना विक्रेत्याकडे पावतीबरोबर हुकुमांचे माहितीपत्रकही मागावे. ते न देणाऱ्याची किंमत कमी असली तरी त्याची निविदा बाजूला ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.