सात कोंबड्यांसाठी बाटली फोडायची का?

दोस्तांनो, बाकीचे लोक या अंकात मोठमोठ्या विषयांवर लिहितील. मी कोंबड्यांवर लिहिणार आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मागच्या अभ्यासवर्गात मी हा विषय काढला तर आपल्यातलाच एक गडी म्हणाला, ‘‘क्रांती सोडून आता खुराडी झाडायची का?’’ सगळे हसले. मीपण हसलो. घरी आलो नि रात्रभर स्वतःचीच लाज वाटत राहिली. माझ्या बारावीच्या परीक्षेची फी मायनं दोन कोंबडे बाजारात नेऊन भरली होती. हे मी त्या वर्गात बोललो नाही. शहरात राहून आपली जीभ अशी होते. व्यवस्थेवर तासभर चालते, मायच्या कोंबडीपाशी अडखळते.

आमच्या वस्तीत जमीन कुणाच्या नावावर आहे? चार-दोन घरं सोडली तर कुणाच्याच नाही. शेळी असली तरी बऱ्याचदा अर्धलीची, करडं झाली की निम्मी मालकाची. उरली कोंबडी. ती बाईची. बापानं दारूपायी घरातलं पितळेचं भांडं विकलं, पण कोंबडी विकताना त्यालाही मायला विचारावं लागायचं. तिला वेगळा दाणा लागत नाही. उष्टंमाष्टं, पाखडलेला कोंडा, उकिरड्यातले किडे एवढ्यावर देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. मधेच खुडूक होते, मग माय तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवते. एकविसाव्या दिवशी पिल्लं. त्यातली दोन घारीची, एक मुंगसाचं, एखादं गारठ्याचं. उरलेली वाढली की पोराची वही, पोरीचं औषध, सुनेचं बाळंतपण. किराणावाला आमच्या माणसांना उधार देत नव्हता तेव्हा अंडं हेच रोख नाणं होतं. आणि म्हातारी माणसं सांगतात, पाटलाकडं अंमलदार मुक्कामाला आला की कोंबडी महारवाड्यातूनच जायची, फुकट, वेठीच्या हिशेबात. त्यांना कोंबडीची किंमत बरोबर कळत होती. आपल्यालाच कळेना झालीय.

आता मानमोडी. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही आपल्याकडं मानमोडीच म्हणत, पण मी म्हणतोय ती कोंबड्यांची. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात. कुमाऊंच्या डोंगरात गोऱ्या पलटणींची छावणी होती त्या गावावरून पडलेलं नाव. १९२० नंतरच्या दशकात आपल्या देशात हा रोग तिथं नोंदला गेला. रोग विषाणूचा. कोंबडी आधी पिसं फुगवून कोपऱ्यात बसते. चोच उघडी टाकून श्वास ओढते. हिरवट-पांढरं पाण्यासारखं हगते. जी त्यातून दोन दिवस जास्त काढते तिची मान पिळवटते, पाय लुळा पडतो. औषध नाही. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या भाकरीत कालवून घालणारे मी पुष्कळ पाहिले. विषाणूवर त्यांचा काडीचा उपयोग नसतो, पैसे मात्र जातात.

मी दहावीत होतो. उन्हाळा लागत होता. जालना जिल्ह्यातलं आमचं गाव. आमच्याकडं सात मोठ्या कोंबड्या, एक कोंबडा, नि नुकतीच निघालेली नऊ पिल्लं. गावच्या एका बागाईतदाराचं हजार पक्ष्यांचं पोल्ट्रीचं शेड होतं. तिथं जनावरांचे डॉक्टर जीपमधून आले. मायला वाटलं, आलेच आहेत तर विचारावं. ती डालग्यात कोंबड्या घालून शेडच्या फाटकापर्यंत गेली, मी मागं.

‘‘सायब, मह्या बी कोंबड्यायला सुई द्या की.’’

साहेबांनी डालग्याकडं पाहिलं नाही. मायकडंही नाही. शेडच्या मालकाकडं बघून हसत म्हणाले, ‘‘सात कोंबड्यांसाठी बाटली फोडायची का?’’

महिन्याभरात वस्तीतली खुराडी रिकामी झाली. आमचा कोंबडा शेवटी मेला. मान उलटी करून गोल गोल फिरत होता. माय त्याच्याकडं बघत उंबऱ्यात बसली होती नि मला म्हणाली, ‘‘तू शीक अन् बाटली फोडणारा व्हय.’’ मी काही तो झालो नाही. हापिसात कारकून झालो.

इतकी वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होतो. नंतर कळलं, तो बाटलीबद्दल खोटं बोलला नव्हता. लस पुडीसारखी सुकवलेली असते. बाटली शंभर, दोनशे नाहीतर त्याहून जास्त कोंबड्यांची. ती बर्फात आणावी लागते, पाणी मिसळलं की दोन तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकून द्यायची. सात कोंबड्यांना टोचून त्र्याण्णव डोस मातीत ओतायला कुठलाही सरकारी माणूस कचरेल. पण त्यानं मोजलं काय? एका बाईच्या सात कोंबड्या. वस्तीत घरं एक्केचाळीस होती. दीडशेच्या वर कोंबड्या होत्या. त्यानं फाटकाबाहेर दहा पावलं टाकून विचारलं असतं तर त्याची बाटली तिथल्या तिथं खपली असती. वस्ती ही एक जागा आहे नि तिथं एकत्र एवढी कोंबडी आहे, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. मालकाच्या शेडाला मोजतात, आमची परसं मोजत नाहीत. माझा राग तिथं आहे.

आणि मोजता येत नाही असं नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कोंबड्या-बदकं मोजली, त्यातली ३१ कोटी ७० लाख परसातली निघाली. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. तेव्हा शेडांबरोबर आदिवासी पाड्यांतल्या परसातल्या कोंबड्याही घरोघर जाऊन गोळा केल्या नि मारल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यातही पक्षी मारले. तो रोग माणसाला जडू शकतो, मारणं भाग होतं, त्यावर माझी तक्रार नाही. पण मारायच्या दिवशी जी कोंबडी सरकारला परसात सापडते ती टोचायच्या दिवशी का सापडत नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

थोडं आपल्याही अंगाकडं बघू. आजी सांगायची, मर आली की मरीआईला कोंबडं द्यायचे. रोग कोंबड्यांना, नि देवीला द्यायचं ते धडधाकट कोंबडं! म्हणजे रोगातून वाचलेलं होतं तेच कापायचं. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या वस्तीनं मरीआईचा दगड सोडला. ते उत्तम झालं. पण तिच्या रिकाम्या जागी विज्ञान आपोआप येऊन बसत नाही. आम्ही बळी बंद केला नि लस आणली नाही. मधे नुसती मर राहिली.

दुसरं. गावात कुणाच्या घरी कोंबडी लुळी पडली की ती वस्तीत ‘खायला’ धाडायचे. स्वस्तात नाहीतर फुकट. आम्ही घ्यायचो. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, ते ढोरापुरतं आम्ही पाळलं, कोंबडीला सूट दिली. त्या मरतुकड्या कोंबडीची पिसं, आतडी, रक्त आपल्याच अंगणात पडतं. आपल्या कोंबड्या तेच टोचतात. गावची मर आम्ही आमच्या हातानं परसात आणली. आता कुणी धाडली तर परत पाठवा. आपली मेली तर ओढ्यात टाकू नका, कुत्र्यापुढं टाकू नका. खड्डा खणून चुना टाकून पुरा.

योजनांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार जीव नाही. गिरिराजा, वनराजा या सुधारित जाती वाटतात. फोटो निघतो. अंडी देशीच्या दुप्पट, हे खरं. पण त्या खुडूक होत नाहीत म्हटलं तरी चालेल. म्हणजे पुढची पिल्लं पुन्हा विकत घ्या. मायच्या हातातलं एकवीस दिवसांचं यंत्रच काढून घेतलं, नि वर लस दिली नाही तर तीही मानमोडीनं मरायची. मला विचाराल तर आधी बाटली द्या, कोंबडी मागून द्या.

आम्ही काय केलं ते सांगतो. मागच्या हिवाळ्यात दोन पोरी नि मी वही घेऊन वस्तीत फिरलो. एक्केचाळीस घरं, एकशे शहाऐंशी कोंबड्या, पिल्लं धरून. तो आकडा घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. आता तिथं दुसरेच डॉक्टर आहेत. आकडा बघितल्यावर त्यांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. लस सरकारचीच, पुण्यात औंधच्या संस्थेत बनते. आठवडाभर आधी सगळ्या कोंबड्यांना जंताचं औषध पाण्यातून दिलं, कारण जंतानं पोखरलेल्या पक्ष्याला लस नीट लागत नाही. मग एका संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर, पशुधन पर्यवेक्षक बर्फाचा थर्मास घेऊन आले. दोन महिन्यांवरच्यांना पंखाच्या कातडीखाली आर-टू-बी. पिल्लांना लासोटा, डोळ्यात एक थेंब. थेंब टाकायला पोरी पंधरा मिनिटांत शिकल्या.

सव्वा तासात वस्ती झाली. बाटलीत थोडी उरली होती. तेवढ्यात गावातली एक म्हातारी डालगं घेऊन वेशीपाशी उभी राहिली. तिच्या घरानं एके काळी आमच्या बायांना विहिरीवर चढू दिलं नव्हतं. पोरं भडकली. ‘‘ओतून टाकू, पण देणार नाही,’’ एकजण म्हणाला. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. माय उठली, म्हातारीकडं जाऊन म्हणाली, ‘‘आण हिकडं, खाली ठिव.’’ खाली ठेवायला लावलं, हातातून घेतलं नाही. मग एकेक कोंबडी धरली. त्या रात्री आमचं यावरून भांडण झालं नि अजून मिटलेलं नाही. पोरं म्हणतात, माय नमली. मला वाटतं, त्या दिवशी बाटली पहिल्यांदा आमच्या हातात होती, नि ती कुणासाठी फोडायची हे मायनं ठरवलं. पोरांना हे पटत नाही.

मोझांबिक नि टांझानियाच्या खेड्यांत आय-टू नावाची लस वापरतात. उन्हातान्हात ती लवकर खराब होत नाही. गावच्याच शिकवलेल्या बाया दर चार महिन्यांनी घरोघर जाऊन डोळ्यात थेंब टाकतात. काळ्या गरीब बाया जे करतात ते आपल्या बायांना येणार नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यानं आमच्या पोरींचे हात बघावेत. आपली मागणी एवढीच पाहिजे : वस्तीतल्या दोन पोरींना शिकवा, मानधन द्या, नि बाटली त्यांच्या तारखेला द्या. मोर्चा काढायचा तर यासाठीही काढा.

आणि प्रत्येक आजारी कोंबडी मानमोडीची नसते. पिल्लू रक्ताचं हगत असेल तर ती रक्ती हगवण, तिला दवाखान्यात पाण्यातून द्यायचं औषध मिळतं. तुऱ्यावर खपल्या धरल्या तर देवी. ती डासांनी पसरते, खपल्यांना पोटॅशचं पाणी लावा, बऱ्याच जगतात. अंगात लिखा झाल्या असतील तर कोपऱ्यात राख-मातीचा खड्डा करून द्या, कोंबडी स्वतःच लोळते. आजारी दिसली की आधी वेगळ्या डालग्याखाली झाका, तिचं पाणी वेगळं. आधी चांगल्या कोंबड्यांचं करा, शेवटी आजारीचं, मग हात धुवा. बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे घरच्या कोंबड्यांत सोडू नका. आमच्याकडं मर नेहमी बाजाराच्या दुसऱ्या दिवशीच यायची. साथ सुरू झाल्यावर टोचून उपयोग नाही, आधी टोचा.

उन्हाळ्याच्या आधीची फेरी आम्ही पुन्हा करणार आहोत. ज्यांचं गाव सुटलेलं नाही त्यांनी घरी फोन लावा नि वस्तीत घरं किती, कोंबड्या किती, पिल्लं किती एवढं विचारा. आकडा शंभराच्या वर गेला की दवाखान्यात अर्ज द्या, पोच घ्या, तारीख लिहून घ्या. बर्फाचा थर्मास आमच्याकडं आहे, लागला तर न्या.