फेरफार कोणी केला?

संगणकाविषयी लिहायचे ते विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी, कला शाखेने कथा-कवितांत रमावे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. मला तो मान्य नाही. ज्या प्रश्नाविषयी मी लिहिणार आहे तो मुळात आपलाच आहे. लिखाणात बदल कोणी केला, केव्हा केला, कशासाठी केला आणि त्याची नोंद कोठे आहे? संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच प्रश्नापायी. नकला होता होता पाठभेद शिरले होते आणि मूळचे कोणते, मागाहून घुसलेले कोणते, हे सांगणारी वही कोणी ठेवलेली नव्हती.

आज हाच प्रश्न ‘डेबियन’पुढे उभा आहे. डेबियन हे लिनक्सचे एक डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे संगणक चालवण्यासाठी लागणाऱ्या प्रोग्रॅमांचा जुळवून दिलेला संच. इयन मर्डॉक यांनी ते १९९३ साली सुरू केले. जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात आणि कोणीही ते फुकट घ्यावे, वाचावे, बदलावे. प्रसिद्ध ‘उबुंटू’ याच्याच पायावर उभे आहे. डेबियनमध्ये साठ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. प्रोग्रॅम लिहिणारा एक असतो आणि तो डेबियनमध्ये नीट बसवणारा मेंटेनर बहुतेक वेळा दुसराच असतो. मूळ लेखक आपल्या लिखाणाचे एक गाठोडे बांधून प्रसिद्ध करतो, त्याला ‘टारबॉल’ म्हणतात. मेंटेनर त्यावर आपल्या दुरुस्त्या आणि बांधणीच्या सूचना चढवतो. एका पॅकेजवर असे अनेकांचे हात फिरतात.

या हातांचा हिशेब ठेवणारी व्यवस्था म्हणजे व्हर्जन कंट्रोल. ती समजायला सातबारा पुरेसा आहे. जमीन आज कोणाच्या नावावर आहे हे सातबारा सांगतो. पण ती त्या नावावर कशी आली, हे फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये पाहावे लागते. खेड्यातल्या कोणालाही विचारा, भांडण सातबाऱ्यावरून सुरू होते, उलगडा मात्र फेरफारावरून होतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या गाभ्याच्या कामासाठी तयार केलेले ‘गिट’ ही अशीच फेरफार वही आहे. तिच्यात प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीशी गणिताने बांधलेली असते. मधले एक पान बदलले की पुढच्या सगळ्या नोंदींचे क्रमांक बदलतात. गुपचूप खाडाखोड करायला तेथे जागा नाही.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. जे पॅकेज लोकांच्या हाती जाते ते या उघड्या वहीतूनच बांधले जावे, बाजूला बांधलेल्या गाठोड्यातून नव्हे, आणि ही गोष्ट मेंटेनरच्या मर्जीवर राहू नये. ‘फेडोरा’ने २०१० साली, ‘जेंटू’ने २०१५ साली आणि ‘आर्च’ने २०२३ साली आपल्या पॅकेजांच्या बांधणीच्या सूचना गिटमध्ये आणल्या. डेबियननेही २०१८ पासून ‘साल्सा’ नावाचे गिटचे सामाईक ठाणे चालवले आहे आणि बहुतेक मेंटेनर ते वापरतात. परंतु सक्ती नाही. कोणी सगळे मूळ लिखाण वहीत ठेवतो, कोणी फक्त आपल्या दुरुस्त्या ठेवतो, तर कोणी वहीच ठेवत नाही. आणि मूळ लेखकाचे गाठोडे अजूनही बहुतेकदा विश्वासावरच घेतले जाते.

या विश्वासाची किंमत २०२४ साली दिसली. ‘एक्सझेड’ हा फाइली आवळून लहान करणारा छोटासा प्रोग्रॅम. तो सांभाळणारा एकटा, तोही बिनपगारी. ‘जिया तान’ हे नाव घेऊन कोणी तरी दोन-अडीच वर्षे त्याला मदत करत राहिले आणि शेवटी कारभारातच शिरले. मग चोरवाट आली. तिचा मोठा भाग चाचणीच्या फाइलींत लपवून वहीतच ठेवला होता. पण तिला जागे करणाऱ्या ओळी फक्त टारबॉलात होत्या, वहीत नव्हत्या! डेबियनची अस्थिर आवृत्ती वापरणाऱ्या आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरताना अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून २९ मार्च रोजी हे उघडकीस आले. डेबियनची स्थिर आवृत्ती थोडक्यात वाचली. गाठोडे आणि वही यांत फरक असू शकतो, हा फरकच चोराचा दरवाजा ठरला.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की स्वयंसेवकावर सक्ती कशी करायची? हा आक्षेप मला खरा वाटतो. फुकट राबणाऱ्याला नवी पद्धत शिकायला लावणे सोपे नाही. पण म्हणूनच सर्वांची पद्धत एक असावी. वही एकसारखी असेल तर एक थकला की दुसऱ्याला हातभार लावता येतो. दुसरा आक्षेप असा की नोंद असली म्हणून चूक टळते का? नाही टळत. २००६ साली डेबियनच्या ‘ओपनएसएसएल’ पॅकेजमधून नको वाटलेल्या ओळी काढल्या गेल्या आणि गुप्त किल्ल्या तयार करताना प्रत्येक प्रकारात जेमतेम बत्तीस हजार शक्यता उरल्या. हे जगाला कळले मे २००८ मध्ये. म्हणजे वही ठेवून भागत नाही, ती वाचणारेही हवेत. पण वाचायला वहीच नसेल तर वाचणारा काय करील?

ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या कागद दुसऱ्यानेच वाचून दाखवला आणि अंगठा मात्र आपला उठला, त्यांच्यातून मी येथवर आले आहे. उघड्या नोंदीचे मोल मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. नोंद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. भल्या माणसाच्या भलेपणाचा पुरावाही त्याच वहीत राहतो. डेबियनने १९९७ सालच्या आपल्या सामाजिक करारात अडचणी लपवणार नाही असे लोकांना वचन दिले आहे. ते वचन पुरे करायचे तर शेवटचे गाठोडेही उघडले पाहिजे. आणि विद्यार्थी मित्रांनो, ही वही पाहायला कोणाकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत. ती आपल्यासाठीही उघडी आहे. वाचणारे आपल्यातूनही निघोत!